देव दयाळू असेल तर किल्लारी का?

मधला_बाक

गेल्या आठवड्यात सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पुराच्या बातमीखाली कुणीतरी "सगळा कर्माचा खेळ" लिहून हात जोडले. मी खाली "कुणाच्या कर्माचा?" एवढंच विचारलं, तर ॲडमिननं विषयच बंद केला. म्हणून इथे धागा.

प्रश्न जुनाच आहे. देव सर्वशक्तिमान आणि दयाळू, दोन्ही असेल तर एवढं दुःख कसं? थांबवता येत नसेल तर तो सर्वशक्तिमान नाही, थांबवायचंच नसेल तर दयाळू नाही. ही कोंडी ग्रीक तत्त्वज्ञ एपिक्युरसच्या नावावर सांगतात. डेव्हिड ह्यूमनं ती ज्या संवादग्रंथात मांडली तो त्याच्या मृत्यूनंतर, १७७९ मध्ये छापला गेला. पण युरोपात वाद खरा पेटला तो १ नोव्हेंबर १७५५ ला, लिस्बनच्या भूकंपानं. सणाची सकाळ, लोक चर्चमध्ये. आधी भूकंप, मग समुद्राची लाट, मग कित्येक दिवस आग. शक्य असलेल्या सगळ्या जगांत आपलं जग सर्वोत्तम, असं जर्मन तत्त्वज्ञ लाइब्नित्स १७१० साली लिहून गेला होता. लिस्बननंतर व्होल्तेरनं त्या विधानाची पार सालटी काढली.

आपलं लिस्बन म्हणजे किल्लारी. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं. अनंत चतुर्दशीचं विसर्जन करून लोक नुकते कुठे आडवे झाले होते. लातूर-उस्मानाबादकडची सुमारे दहा हजार माणसं गेली. विघ्नहर्त्याला निरोप देऊन काही तास झाले होते, हे वेगळं सांगायला नको.

आपल्याकडे यावर उत्तर तयार असतं: कर्म. ते उडवून लावण्यासारखं नाही. ब्रह्मसूत्रात (२.१.३४) नेमका हाच आक्षेप आहे, की ईश्वरानं हे विषम जग केलं असेल तर तो पक्षपाती आणि निर्दय ठरतो. उत्तर असं की तो ज्याच्या त्याच्या कर्माप्रमाणे फळ देतो. शंकराचार्य भाष्यात पावसाचा दाखला देतात: पाऊस सगळ्यांवर सारखाच पडतो, भात की जव हे बियाणं ठरवतं. मग पहिलं कर्म कुठून आलं? पुढचंच सूत्र सांगतं, संसार अनादी आहे, पहिलं असं काही नाहीच.

तर्क म्हणून चोख. माझी तक्रार पुढची आहे. या युक्तिवादानं देव निर्दोष सुटतो, पण आरोपीचा पिंजरा रिकामा राहत नाही. तिथे ढिगाऱ्याखालचं सहा महिन्यांचं पोर उभं राहतं. हे कुणाला पटतं, आणि पटत असेल तर कसं, हे समजून घ्यायचंय. 'देव नाहीच, विषय संपला' वाल्यांनी आणि 'श्रद्धेचा विषय, चर्चा नको' वाल्यांनी कृपया दुसरा धागा काढावा.

तिरकस

जागा धरून बसलोय. शंभरी गाठणार हा धागा.

विठूचाकर

मांडणी चांगली, पण कर्माला तुम्ही फौजदारी कोर्ट करून टाकलंत. विस्तवावर हात ठेवला तर भाजतं, त्यात शिक्षा देणारा कुणी नसतो. कर्म तसा नियम आहे. दुसरं, हा सिद्धांत स्वतःकडे बघण्यासाठी आहे. माझ्या वाट्याला दुःख आलं तर मी म्हणावं की हे माझं प्रारब्ध, आणि पुढचं क्रियमाण, म्हणजे आत्ता हातून घडतंय ते कर्म, सुधारावं. शेजाऱ्याच्या दारात तिरडी असताना त्याचं प्रारब्ध काढावं असं कुठल्याही संतानं सांगितलेलं नाही. व्हॉट्सॲपवाल्यांच्या पापाची पावती शंकराचार्यांच्या नावानं फाडू नका.

मधला_बाक

विठूचाकर, बोलू नये ते ठीक. पण सिद्धांत खरा असेल तर तो त्या पोरालाही लागू होतोच ना, मी मोठ्यानं म्हणालो काय किंवा मनात ठेवलं काय? तुम्ही सांगताय ती सभ्यता. मी विचारतोय ते सत्य.

शिवाय विस्तवाचं म्हणाल तर, भाजल्यावर विस्तवाचा आणि हाताचा संबंध मला दिसतो. मागच्या जन्माचं ना मला आठवत, ना कुणाला सांगता येत. कशाबद्दल भोगतोय तेच ठाऊक नसेल तर त्यातून सुधारायचं काय?

देशांतरी

न्यू जर्सीतून. इकडच्या तत्त्वज्ञानाच्या वर्गात हा विषय घासूनपुसून झालाय, थोडक्यात सांगतो. मॅकीनं १९५५ मध्ये दावा केला की दयाळू-सर्वशक्तिमान देव आणि दुःख यांत सरळ तार्किक विसंगती आहे. १९७४ मध्ये प्लँटिंगानं उत्तर दिलं: माणसाला खरं स्वातंत्र्य द्यायचं तर त्यानं वाईट वागण्याची शक्यता ठेवावीच लागते, आणि ती देवालाही टाळता येत नाही. त्यानंतर 'विसंगती सिद्ध झाली' असं म्हणणारे फारसे उरले नाहीत. १९७९ मध्ये विल्यम रोनं वाद पुराव्यावर आणला. जंगलात वणवा लागतो, एक पाडस भाजतं, कित्येक दिवस तडफडून मरतं. कुणी पाहिलं नाही, कुणी त्यातून काही शिकलं नाही. या वेदनेचा उपयोग काय? स्वातंत्र्यवाल्या उत्तरात हे पाडस बसत नाही.

भूकंपही बसत नाही. प्लँटिंगाला त्यासाठी 'कदाचित माणसांखेरीज इतर स्वतंत्र आत्मे हे करत असतील' अशी शक्यता मांडावी लागली.

तिरकस

म्हणजे वेताळ. एवढी पुस्तकं लिहून शेवटी आमच्या कोकणातच यायचं होतं तर आधीच यायचं.

तेरणाकाठ

मी औसा तालुक्यातला. किल्लारीचं नाव घेतलंय म्हणून लिहितो, नाहीतर नुसता वाचतोच.

आमच्याकडची घरं माळवदाची. दगडमातीच्या दोन-अडीच फूट रुंद भिंती, वर लाकूड आणि त्यावर पांढऱ्या मातीचा थर. पावसाळ्याच्या तोंडावर गळू नये म्हणून वरून आणखी माती टाकायची, दरसाल. आजोबांच्या काळापासूनचं घर असेल तर डोक्यावर किती माती साचली असेल बघा. उन्हाळ्यात असलं गार की पंखा लागत नाही. भिंती बाहेरून आणि आतून दगडाच्या, मधे भरताड. दोन थरांना बांधणारा लांब दगड बऱ्याच घरांत नव्हताच. हादऱ्यानं भिंत फुगली, फुटली आणि वरची सगळी माती खाली आली. दगडानं मेले त्यापेक्षा मातीनं गुदमरलेले जास्त असतील, असं काढायला गेलेले लोक सांगायचे. वरून पाऊस. ओल्या लाकडावर चिता पेटेनात.

आता कर्मवाल्यांसाठी. आमच्या भागात वाचले कोण? ज्यांच्याकडे माळवद बांधायची ऐपत नव्हती ते. कुडाचं, पत्र्याचं, छपराचं घर होतं ते. गावाच्या कडेला राहणारे. आणि मोठ्या वाड्यात झोपलेली, दरसाल सप्ताहाला पंगत घालणारी माणसं गेली. एरवी हेच लोक म्हणायचे, वाडा पूर्वपुण्याईनं मिळाला.

आणखी एक. आदल्या वर्षी, १९९२ च्या ऑक्टोबरात, किल्लारीला धक्के बसले होते. लोक घाबरून बाहेर झोपत होते, आम्हाला इथून हलवा म्हणत होते. दख्खनचा दगड पक्का, इथं मोठा भूकंप होत नसतो, हा समज तेव्हा सगळ्यांचाच होता. देवाकडे बोट दाखवायच्या आधी हेही धाग्यात असू द्या.

मधला_बाक

तेरणाकाठ, दंडवत. याच्यासाठीच धागा काढला होता म्हणा.

तुम्ही सांगताय तेच लिस्बननंतर रूसोनं १७५६ मध्ये व्होल्तेरला पत्रात कळवलं होतं: सहा-सात मजली घरं तिथे दाटीवाटीनं निसर्गानं नव्हती बांधली. म्हणजे 'नैसर्गिक' म्हणून जे देवाच्या खात्यात टाकतो, त्यातलं बरंचसं माणसाच्या खात्यात येतं.

चार्वाकाचा_पुतण्या

येतं, पण सगळं नाही येत. घर पक्कं नव्हतं हे माणसाचं. जमीन हलली हे कुणाचं? भारताचं भूपृष्ठ हिमालयाला रेटतंय, त्याचा ताण दख्खनच्या पोटात साठतो आणि कुठेतरी सुटतो. सर्वज्ञ रचनाकाराला असलं डिझाइन मंजूर होतं का, हा प्रश्न राहतोच. रूसोनं लिस्बनच्या गवंड्यांना पकडलं, वरच्या वास्तुविशारदाला सोडून दिलं.

आणि हा आक्षेप फक्त नास्तिकांचा नाही. कुमारिल भट्ट, वेदप्रामाण्याचा कट्टर पुरस्कर्ता मीमांसक, श्लोकवार्तिकात सृष्टिकर्त्या ईश्वरावर हेच विचारतो: करुणेनं जग निर्माण केलं म्हणता, तर निर्मितीपूर्वी करुणा करायला होतं कोण? आणि करुणेनंच केलं असेल तर सगळं सुखमयच का नाही केलं? यज्ञ हवेत, वेद हवेत, सृष्टिकर्ता नको. आज कुणी हे जाहीर सभेत बोललं तर मोर्चा निघेल.

विठूचाकर

कुमारिलांनी कर्म मात्र ठेवलं, हे सोयीस्कर विसरलात. त्यांना ईश्वर नको कारण कर्म आपलं आपण फळतं.

तेरणाकाठ, तुमच्या प्रतिसादावर मला उत्तर सुचत नाही. एवढंच म्हणेन की वाडा पुण्याईचा आणि छप्पर पापाचं हे गणित वाडेवाल्यांनी मांडलेलं आहे, वारकऱ्यांनी नाही.

जुनापेपर

कर्म आणि भूकंप निघालाय तर १९३४ आठवावंच लागेल. १५ जानेवारीला बिहारमध्ये प्रचंड भूकंप झाला. गांधीजी तेव्हा हरिजन दौऱ्यावर दक्षिणेत होते. ते जाहीरपणे म्हणाले की ही अस्पृश्यतेच्या पापाबद्दल ईश्वरानं केलेली शिक्षा आहे. रवींद्रनाथांना धक्काच बसला. त्यांनी निषेधाचा मजकूर पाठवला आणि गांधीजींनी तो स्वतःच्या 'हरिजन'मध्ये १६ फेब्रुवारीला छापला, सोबत आपलं उत्तर.

रवींद्रनाथांचं म्हणणं: भौतिक आपत्तीची कारणं भौतिकच असतात, त्यात नीतिनियम घुसडू नयेत. आणि असला युक्तिवाद विरोधकांनाच जास्त फळेल. म्हणजे सनातनी उठून म्हणू शकले असते की गांधी अस्पृश्यता मोडायला निघालेत म्हणून धरणी कोपली. तर्क तोच, पाप बदललं. गांधीजी हटले नाहीत. निसर्गाचे नियम आणि नीतीचे नियम कुठेतरी एकत्र जोडलेले आहेत, यावर त्यांचा विश्वास होता.

मला स्वतःला यात टागोर शंभर टक्के बरोबर वाटतात. आणि तरीही गांधीजींचं वाक्य व्हॉट्सॲपवाल्यांच्या रांगेत बसवता येत नाही. ते 'त्यांचं पाप' म्हणत नव्हते, 'आपलं पाप' म्हणत होते.

चार्वाकाचा_पुतण्या

'आपलं' म्हणून मेलेल्या दलित पोराला काय फरक पडला? अस्पृश्यता पाळणाऱ्यांच्या पापाची शिक्षा ती सोसणाऱ्यालाही? हा तर न्यायाचा आणखी बट्ट्याबोळ.

टाके_घालणारी

प्लास्टिक सर्जन आहे. गाव आणि हॉस्पिटल सांगत नाही.

दुभंगलेल्या ओठाची बाळं येतात. ऑपरेशन साधारण तीन ते सहा महिन्यांच्या दरम्यान करतो, ओठ व्यवस्थित जुळतो, पुढे टाळूचं दुसरं. हे सांगून झालं की आई दबक्या आवाजात विचारते, "मॅडम, ग्रहणात मी विळी हातात घेतली होती. त्यानं झालं ना?" बहुतेक वेळा हे तिला कुणीतरी सांगितलेलं असतं. सासू, जाऊ, कधी तिची स्वतःची आई. एकीनं तर तारीखवेळेसकट सांगितलं: ग्रहण सुटायला थोडा वेळ होता आणि घरी पाहुणे आले म्हणून तिनं मेथी निवडली, नुसती निवडली, चिरलीही नाही. बाळ मांडीवर, दुपट्यानं त्याचं तोंड झाकलेलं. खोलीत मी आणि ती दोघीच, तरी झाकलेलं.

मी समजावते. आनुवंशिक कारणं असतात, फॉलिक ॲसिडची कमतरता, काही औषधं, आणि पुष्कळदा नेमकं कारण सापडत नाही. यातलं शेवटचं वाक्य त्यांना सगळ्यात जड जातं. 'कारण माहीत नाही' यापेक्षा 'माझ्यामुळे झालं' हे त्यांना परवडतं. निदान जगाला काही हिशोब आहे असं वाटतं. हे माझ्या लक्षात यायला बरीच वर्षं गेली. म्हणून मी आता कर्मसिद्धांतावर वाद घालत नाही, मेथीनं काही होत नाही एवढंच पुन्हा पुन्हा सांगते.

देशांतरी

हा प्रतिसाद वाचनखूण म्हणून साठवला. इकडच्या पुस्तकांत हा मुद्दा इतका नेमका कुठे वाचला नव्हता. दुःखाचं समर्थन करायची गरज देवाला वाचवायला लागते असं आपण धरून चाललोय, पण इथे ते जगाला काही अर्थ आहे हे वाचवायला लागतंय, आणि त्यासाठी आई स्वतःला जामीन ठेवतेय.

ओवी

इतका वेळ सगळे देवाच्या बाजूनं किंवा विरुद्ध वकिली करतायत. मला दोन दुष्काळांबद्दल बोलायचंय.

पहिला १६३० च्या सुमाराचा. तुकोबांच्या घरात सावकारी, व्यापार, सगळं होतं. 'दुष्काळें आटिलें द्रव्यें नेला मान । स्त्री एकी अन्न अन्न करितां मेली.' असा हिशोब त्यांनी स्वतःच देऊन ठेवलाय. मुलगाही गेला. आणि त्याच माणसानं पुढे म्हटलं की देवा, बरं झालं दिवाळं निघालं, या दुष्काळानं पीडा केली तेही बरंच. कर्जखतांची भावाशी वाटणी करून आपला वाटा त्यांनी इंद्रायणीत सोडला, असं परंपरा सांगते.

दुसरा १८७० च्या दशकातला, मद्रास इलाख्यात. अनंतशास्त्री डोंगरे बायकोला आणि मुलीला संस्कृत शिकवणारे, म्हणून समाजाशी भांडण घेतलेले. कुटुंब तीर्थामागून तीर्थं करत पुराणं सांगत हिंडत होतं. दुष्काळ पडला तेव्हा या कुटुंबानं शास्त्रात सांगितलेलं सगळं केलं. व्रतं, दानं, जप, मूर्तींपुढे दिवसेंदिवस बसणं. पैसा संपला, भांडी विकली. मजुरी करायची सवय नाही, भीक मागायची लाज. शेवटी रानातला पाला खाल्ला. १८७४ मध्ये वडील गेले, मागोमाग आई, मग थोरली बहीण. उरलेली मुलगी म्हणजे पंडिता रमाबाई. तिनं हे नंतर आपल्या साक्षीत, म्हणजे आत्मकथनात, लिहिलं, फार कोरडेपणानं. देवांनी काही केलं नाही, एवढाच निष्कर्ष. १८८३ मध्ये इंग्लंडात तिनं बाप्तिस्मा घेतला.

तसाच दुष्काळ, तेच पाठांतर, बहुधा तेच पुराण. एक माणूस देवाकडे गेला, एक त्या देवापासून उठून गेली. पुरावा म्हणून बघाल तर दोघांसमोर एकच पुरावा होता. म्हणून मला रोचं पाडस आणि शंकराचार्यांचा पाऊस दोन्ही थोडे पोरकट वाटतात, क्षमा असावी.

चार्वाकाचा_पुतण्या

ओवी, छान लिहिलंय पण एक माणूस मोजायचा राहिला. तुकोबांची ती पहिली बायको. 'बरं झालं' म्हणायला तुकोबा उरले. अन्न अन्न करत गेली तिला अभंग रचायला सवड मिळाली नाही. जॉन हिकसारखे ईश्वरवादी तत्त्वज्ञ म्हणतात की दुःखानं आत्मा घडतो. कुणाचा घडतो? आणि त्यासाठी कुणाला वापरलं?

ओवी

मान्य. म्हणूनच तुकोबांनी 'तिचं बरं झालं' असं म्हटलेलं नाही. तिच्याबद्दलची ओळ उघडी ठेवलीय, तिच्यावर काही पांघरलेलं नाही. 'बरं झालं' हे आपल्या दिवाळ्याबद्दल. आणि त्यांनी देवाशी भांडणंही काही कमी केली नाहीत. 'माझे लेखीं देव मेला' हेही त्यांचंच.

रमाबाईंचंही पुढचं बघा. नवा देव मिळाला म्हणून त्या गप्प नाही बसल्या, इंग्लंडातल्या चर्चवाल्यांशीही मतं आणि अधिकारावरून भांडत राहिल्या. १८९६-९७ चा दुष्काळ पडला तेव्हा मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी मुली, बालविधवा गोळा करून आणल्या. केडगावचं मुक्ती सदन त्यातून वाढलं. तिथे आधी जेवण होतं, धर्म नंतर. धर्मांतराच्या हेतूवरून टिळकांपासून सगळ्यांनी त्यांना झोडपलं, तो वाद वेगळा. पण भुकेचं तत्त्वज्ञान सांगत बसायला त्यांना जमलंच नसतं, कारण त्यांनी पाला खाल्ला होता.

विठूचाकर

'आधी जेवण, धर्म नंतर' याला मिशनचे विरोधक सहमत होणार नाहीत. तो वाद इथे नको. बाकी ओवीताईंच्या प्रतिसादाला +१.

मधला_बाक, तुम्हाला सरळ विचारतो. एवढं सगळं झाल्यावर तुमचं मत काय? मानता की नाही?

मधला_बाक

दयाळू आणि सर्वशक्तिमान, अशा दोन्ही विशेषणांसकट नाही मानत. किल्लारीनंतर त्यातलं एक तरी सोडावं लागतं. पण 'काहीच नाही' म्हणायलाही माझ्याकडे पुरावा नाही. आणि खरं सांगायचं तर या धाग्यानंतर ते ठरवायची घाईही नाही. कर्माचा युक्तिवाद मात्र मी आता आधीपेक्षा जास्त ठामपणे नाकारतो. टाके_घालणारी यांनी सांगितलेलं ते दुपट्यानं झाकलेलं तोंड पुरेसं आहे.

तेरणाकाठ, एक विचारू का? खाजगी वाटलं तर सोडून द्या. पुढच्या वर्षी तुमच्याकडे गणपती बसला का?

तेरणाकाठ

त्यात खाजगी काय. आमच्या घरातली दोन गेली, चुलत्याच्या घरातली चार. पुढच्या वर्षी चुलत्यानं बसवला, पत्र्याच्या तात्पुरत्या शेडमध्ये. आमच्या आजीनं बसवू दिला नाही. वडिलांनी आग्रह केला तर म्हणाली, "आधी त्याला विचार, त्या रात्री कुठं गेला होता." वडील म्हणाले, अगं विसर्जन झालं होतं. तर म्हणाली, "मग आपला आपण राहू दे."

पण चुलत्याच्या शेडमध्ये दहा दिवस आरतीला जायची. टाळ्या वाजवायची नाही, बसून राहायची. मोदक मात्र स्वतः करून न्यायची, कारण चुलतीला पारी जमत नव्हती.